कातरण

चकत्या पाडायचा पंच मावशीच्या हातात कधी अडकत नसे. त्या सकाळी सव्वानऊ वाजता तो अडकला. अडकायला काही निमित्त नव्हतं. पंचाला तेल कालच दिलेलं, कार्ड खडखडीत वाळलेलं, रक्ताचा ठिपका गोल आणि मागून-पुढून सारखाच तपकिरी. तिने फक्त चिठ्ठीवरचा आकडा वाचला, मग कार्डावरचा वाचला, आणि त्या दोन वाचण्यांच्या मधे कुठेतरी बोटं आपलं काम विसरली. चव्वेचाळीस सतरा. चिठ्ठी फेरतपासणीची होती. आदल्या दिवशी मशीनमधून ज्या कार्डांचा हिशेब कमी भरला त्यांच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चकत्या पाडायच्या, जोडीने दोन-दोन, आणि त्याही कमी निघाल्या तरच डॉक्टरीणबाईंनी आईबापांना फोन करायचा, असा इथला नेम. रोज तीन-चार आकडे असायचेच चिठ्ठीवर. दुपारपर्यंत ते धुतल्या तांदळासारखे होऊन निघायचे आणि मावशी त्यांना विसरून जायची. आकडा म्हणजे कुणाचं तरी मूल, एवढं तिला ठाऊक होतं, पण कुणाचं हे ठाऊक नसायचं, आणि नसायलाच पाहिजे असाही नेम होता. चव्वेचाळीस सतरा कुणाचं मूल हे मात्र तिला ठाऊक होतं. पाच दिवसांपूर्वी प्रसूतिगृहात त्या कार्डावरचा आकडा तिने दोनदा मनाशी घोकला होता. नातवाचा पहिला आकडा म्हणून. हौस म्हणून.

"मावशी, पंच कुरकुरतोय का?" पलीकडून मशीनवाल्याने विचारलं. मशीनवाला म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, मान वर न करता बोलायची त्याला सवय. "का हातच म्हातारा झाला?"

"हात म्हातारा झाला तरी तुझ्या डोळ्यांपेक्षा बरा आहे," ती म्हणाली. तोंड आपोआप चाललं. तिच्या जिभेला हाड नव्हतंच कधी, आणि त्या क्षणी ते बरं होतं, कारण बाकी सगळं अंग थबकलेलं असताना एकटी जीभच तेवढी कामावर हजर होती. तिने चकती पाडली. मग दुसरी. टाचणीच्या डोक्यापेक्षा थोड्या मोठ्या दोन तपकिरी टिकल्या छोट्या वाट्यांच्या ताटलीत पडल्या, एक इकडे, एक शेजारी. पडताना आवाज होत नाही. एकोणीस वर्षांत कधी झाला नव्हता, आज तिला तो ऐकू आला.

एकोणीस वर्षं ती या लांबट, पांढऱ्या, औषधी वासाच्या खोलीत होती. गावोगावच्या प्रसूतिगृहांतून पाकिटं यायची. प्रत्येक पाकिटात कार्ड, कार्डावर दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे पाच ठिपके. पाकिटं फोडायची, ठिपके नीट आहेत की नाही बघायचं, चकत्या पाडायच्या, ही तिची नोकरी. शाळा चौथीत सुटलेली. अक्षरं अजून तिच्याकडे डोळे वटारून बघायची, पण आकडे तिच्या घरचे होते, आणि ठिपक्यातलं तर तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. शिकलेली माणसं भिंगातून बघायची, ती लांबूनच सांगायची. हे रक्त एकावर एक थेंब टाकून घेतलंय. हे उन्हात वाळवलंय. आणि हे, कडेला फिक्कट वलय आलेलं, हे टाच दाबून-दाबून काढलंय, यात रक्त कमी आणि पाणी जास्त. असं कार्ड आलं की ती ते चिमटीत धरून आख्ख्या खोलीला दाखवायची. "सांगा त्या नर्सबाईला. टाच आहे, लिंबू नाही." तिचं हे वाक्य इतकं गाजलं की शिकाऊ नर्सांच्या वर्गात कुणीतरी ते फळ्यावर लिहिलं होतं म्हणे. मावशीने ते जाऊन बघितलं होतं. वाचायला जड गेलं, पण लिंबाचं चित्र होतं शेजारी.

आणि पाच दिवसांपूर्वी तिने स्वतः लिंबू पिळलं होतं. आता ते तिला असं आठवलं की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. लेकीला छत्तिसाव्या वर्षी झालेलं पोर, लालबुंद, मुठी आवळलेलं. नर्स नवखी. टाच गरम पाण्याच्या फडक्याने शेकायची असते, तिने शेकली, बाजूला टोचलं, पहिला थेंब पुसला, सगळं रीतसर. पण दुसरा थेंब येईना. नर्स वाट बघत उभी. थेंब येतो, वाट बघावी लागते, हे मावशीला जगात सगळ्यात जास्त माहीत. पण नाकावर माशी बसू न देणारी बाई ती, आपल्या नातवाचं कार्ड आपल्याच खोलीत जाणार आणि त्याच्यावर अर्धवट ठिपका असणार, हे तिला सोसवेना. "हो बाजूला," म्हणाली, आणि ते मऊ, कबुतराच्या पिलासारखं पाऊल तिने हातात घेतलं आणि दाबलं. एकदा. जरा जोरात. ठिपके टपोरे उतरले. नर्सने कार्ड वाळायला ठेवलं. मावशीसमोर कोण बोलणार.

म्हणजे आता असं होतं. गेले आठ महिने खोलीत एक नवीन संशोधन सुरू होतं. त्याच कार्डातून एक जादा चकती घ्यायची आणि बघायचं, की हे मूल अंगात रोगाशी लढणारे शिपाई घेऊन जन्माला आलंय की नाही. अशी मुलं असतात. दिसायला गुटगुटीत, वजनाला चांगली, आणि आत किल्ला रिकामा. आईकडून मिळालेली शिदोरी असते तोवर चालतं, ती सरली की साधी सर्दी घर पोखरून टाकते. आधी कळलं तर वाचवता येतात, नंतर कळलं तर बहुधा नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, आणि मावशीच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा एकदा सोपं करून सांगितलं होतं. शिपाई मोजायचे नाहीत, ते फार अवघड. छातीच्या हाडामागे एक गाठ असते, तिथे शिपाई तयार होतात, आणि तयार होताना प्रत्येकाचा एक बारीक तुकडा कातरून बाजूला पडतो. आपण ती कातरणं मोजतो. मावशीला ते एकदम पटलं. शिंप्याच्या दुकानात कपडे दिसले नाहीत तरी चालतं, खाली चिंध्या दिसल्या की समजावं, मशीन चालू आहे. चिंधी एक नाही, म्हणजे शिंपी आलाच नाही. "आणि चिंध्या झाडून नेल्या असल्या तर?" तिने विचारलं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या होत्या. म्हणाल्या, बरोबर, म्हणून शेजारी एक साक्षीदार ठेवलाय. प्रत्येक माणसाच्या रक्तात असतेच अशी एक साधी गोष्ट आपण सोबत मोजतो. साक्षीदारही कमी भरला तर समजायचं चकतीच भिकार, रक्तच पातळ, दोष पोराचा नाही. साक्षीदार पक्का आणि कातरण शून्य, तर मात्र फोन करायचा.

तर चव्वेचाळीस सतराचं कातरण काल कमी निघालं होतं, आणि मावशी खुर्चीत बसून देवाजवळ मागत होती की साक्षीदारही खोटा निघू दे. मी पिळली टाच. पाणी उतरलं असेल. माझी चूक निघू दे. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपली चूक हवी होती, आणि मागायची सवय नसल्याने तिला ती नीट मागताही येईना. ती ठिपक्याकडे बघे, कडेला फिक्कट वलय दिसतंय का ते शोधी. एकोणीस वर्षं जे वलय तिने लोकांच्या नाकाखाली धरलं ते आज तिला आपल्या कार्डावर हवं होतं. वलय नव्हतं. ठिपका देखणा होता. मेला कसा देखणा होता.

मशीनवाल्याने ताटली उचलली. आता चकत्या धुवायच्या, तापवायच्या, मग मशीनमध्ये चढवायच्या. पावणेबारापर्यंत रेघा दिसतील. मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तेव्हा तिला आठवलं, अकरा वाजता नातवाला लस टोचायची होती. दंडावरची. प्रसूतिगृहातला साठा संपलेला म्हणून आजची वेळ दिली होती. आणि त्या लशीत जिवंत जंतू असतो, अर्धमेला करून घातलेला. ज्याच्या अंगात शिपाई आहेत त्याला तो तालमीपुरता, ज्याच्या अंगात नाहीत त्याला तो वैरी. हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. दोनदा निकाल लागल्याशिवाय एक शब्द बाहेर काढायचा नाही, उगाच आईबापांचा जीव टांगणीला लागतो, हेही त्यांनीच सांगितलं होतं, आणि मावशीने त्यावर अंगठा नाही, सही केली होती. ती जिन्याखाली गेली, जिथे बादल्या ठेवतात तिथे, आणि तिने घरी फोन लावला.

"आई? आम्ही निघतोच आहोत," लेक म्हणाली. "गाडी सांगितलीय."

"नाही जायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही जायचं. कालपर्यंत कळत होतं तुला माझं बोलणं."

मग जावई फोनवर आला. तो घरजावई होता, आणि मावशी त्याला त्याची दिवसातून एकदा तरी आठवण करून द्यायची, पण चांगल्या मनाने. "आई, अकराची वेळ आहे. चुकली तर पुढची आठ दिवसांनी."

"मग आठ दिवसांनी. लस काय पळून चाललीय कुणाबरोबर? चपला काढा आणि बसा. आणि खालच्या मजल्यावरची येईल बाळ बघायला, तिचं नाक परवापासून वाहतंय, तिला दारातूनच वाटेला लावा. कुणी पापी घ्यायची नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"मी बाप आहे त्याचा."

"म्हणूनच कोपरापर्यंत हात धुवा. पाहुणे असता तर उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं."

पलीकडे कुजबुज झाली. पुन्हा लेकीचा आवाज आला, खालच्या पट्टीतला. "आई, कार्डाचं काही कळलंय का?"

लेक हुशार. कुणाची लेक. "कळलं की सांगेन," मावशी म्हणाली. "मी तुझ्याशी कधी खोटं बोललेय?" आणि फोन बंद केला. वाक्य मात्र बंद झालं नाही. ते बादल्यांमध्ये, फिनेलच्या वासात, तिच्याभोवती उभंच राहिलं.

कारण ती बोलली होती खोटं. एकदा नाही, छत्तीस वर्षं. लेकीला माहीत होतं की तिच्या आधी एक भाऊ झाला होता आणि पाच महिन्यांचा असताना तापाने गेला. खरी गोष्ट अशी, की त्याच्या तोंडात पांढरं आलं होतं आणि ते पुसलं तरी जाईना, मग खोकला लागला आणि तो थांबेना, आणि महिन्याला वाढणारं पोर महिन्याला उतरायला लागलं. पाळण्यातून उचललं की हाताला कळायचं, कालपेक्षा कमी. मावशीचे हात तेव्हापासूनच वजन ओळखतात. ते गेलं तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिला कुणीतरी हवं होतं, ज्याच्या माथी हे मारता येईल. थोरल्या जावेला तेव्हा खोकला होता. जावेने बाळाला घेतलं होतं, मांडीवर, दुपारी, दारात बसून. मावशीने भरल्या घरात बोट दाखवलं. "हिने खाल्लं माझं पोर." जाऊ उठून आत गेली. त्या दिवसानंतर तिने त्या घरात कुठलंही मूल उचललं नाही, स्वतःची नातवंडं सुद्धा दुरूनच बघायची म्हणतात. मग लेक झाली, ती दणकट, तिला कधी शिंक आली नाही. आणि लेक तीन वर्षांची असताना दुसरा मुलगा. तोवर नवऱ्याची बदली झालेली, जाऊ दोन दिवसांच्या वाटेवर राहिली. मावशीने त्याला कापसात ठेवलं. वारा लागू दिला नाही, दार उघडू दिलं नाही, शेजारणीला सावली पाडू दिली नाही. सहाव्या महिन्यात तोंडात पांढरं आलं. तिने ते बघितलं तेव्हाच तिला कळलं. नवव्या महिन्यात तो गेला. आणि तिथल्या विहिरीवर बायका बोलायला लागल्या, की हिच्या कुशीलाच खोट आहे, मुलगी तेवढी ठेवते आणि मुलगे खाते. मावशीने घर मोडलं, नवऱ्याला तिसऱ्या गावी ओढून आणलं, आणि दुसरा मुलगा झालाच नव्हता असं ठरवून टाकलं. नवरा बिचारा तोंड मिटून जगला आणि तोंड मिटूनच गेला. जावेला एक पत्र सुद्धा नाही. तुझी चूक नव्हती, हे तीन शब्द. चौथी शिकलेल्या बाईला तेवढे लिहिता येतात.

आणि प्रसूतिगृहात, कार्ड भरताना नर्सने विचारलं होतं, तुमच्या घरात कुणी तान्हं मूल गेलंय का. लेक सांगायला लागली, "माझा एक भाऊ..." मावशीने मधेच तोडलं. "चाळीस वर्षांपूर्वीचं. ताप होता. लिहा, नाही."

ती वर आली तेव्हा दहा वाजायला आले होते. मशीन गुरगुरत होतं. तिने नवीन पाकिटं पुढे ओढली आणि फोडायला घेतली, कारण हात मोकळे ठेवणं धोक्याचं होतं. आणि तिथे, चाळिसाव्या की पन्नासाव्या पाकिटाशी, तिला जे झालं त्याने ती स्वतःच दचकली. तिला आनंद झाला. आधी तिला वाटलं छातीत दुखतंय, मग वाटलं पित्त आहे, मग कळलं की हा आनंद आहे, पोटातून वर येणारा, उकळी फुटावी तसा, बोटांना मुंग्या आणणारा. पांढरं तोंड. न थांबणारा खोकला. मुलगे जातात, मुलगी राहते. तिने आठ महिने हे ऐकलं होतं, रोज ऐकलं होतं, आणि तिच्या डोक्याने ते आपल्या घरापासून चार हात लांब ठेवलं होतं, जसं कुणी आपल्याच दाराशी आलेल्या माणसाला पत्ता चुकलास म्हणून पाठवतं. आता दार उघडलं. खोट नव्हती ती. शाप नव्हता, जावेचा खोकला नव्हता, वारा नव्हता, तिच्या दुधाचा दोष नव्हता. शिंपी आला नव्हता. एवढंच. दोन्ही वेळा शिंपी आला नव्हता, आणि जगात कुणाला तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि आता माहीत होतं, आणि ज्या खोलीत माहीत होतं त्या खोलीत ती बसली होती, पगारावर. तिला उठून कुणाला तरी हलवून सांगावंसं वाटलं. लगेच तिची तिलाच शरम वाटली. नातू मशीनमध्ये आहे आणि आजीला उकळ्या फुटतायत. थोबाडीत मारून घ्यावी अशी शरम. पण शरमेखाली तो आनंद तसाच उसळत राहिला, लाज नसलेल्या पोरासारखा. कारण दोन वेळा ती आंधळी लढली होती आणि या वेळी वैऱ्याचा चेहरा तिला दिसत होता. सातव्या दिवशी. त्या दोघांच्या वेळी सातव्या दिवशी ती काय करत होती? झोपली होती. पोर गुटगुटीत आहे म्हणून निवांत झोपली होती.

मग पुन्हा मन उलटं फिरलं. कशाला वैरी न् कशाला चेहरा, टाच पिळली होती मी, साक्षीदार खोटा निघेल, दुपारी घरी जाईन, लस आठ दिवसांनी टोचू. ती एकाच वेळी दोन्ही मागत होती आणि दोन्हींपैकी एक मिळणार हे ठरलेलं होतं, आत, त्या पेटीत, कुणीतरी टिपत बसलेलं होतं. तिने मशीनच्या पाठीवर हात ठेवला. गरम होती. तापलेल्या पोराच्या पाठीइतकी.

पावणेबारा वाजता रेघा उमटायला लागल्या. मावशी मशीनवाल्याच्या खांद्यामागे उभी राहिली. निळी रेघ साक्षीदाराची, हिरवी कातरणाची. रक्तात जे जितकं जास्त तितकी त्याची रेघ लवकर उठते. वेगवेगळ्या मुलांच्या निळ्या रेघा एकामागून एक जमिनीवरून उठल्या, मागोमाग हिरव्या, रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरांसारख्या.

"चव्वेचाळीस सतरा दाखव," ती म्हणाली.

मशीनवाल्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वळवली असेल. पण त्याने आकडा दाबला. निळी रेघ उठली. वेळेवर, सरळ, खणखणीत. शेजारच्या वाटीतली दुसरी निळीही तशीच. मावशी हिरवीची वाट बघत राहिली. पडद्याच्या टोकापर्यंत बघितलं तिने. हिरवी जमिनीवरच होती. दोन्ही जमिनीवरच.

"साक्षीदार एकदम पक्का," मशीनवाला हळू आवाजात म्हणाला. "कातरण नाही. ठिपका मात्र एक नंबर, मावशी. कुणी घेतलाय कोण जाणे."

"मी घेतलाय," मावशी म्हणाली. आणि मग, "माझा नातू आहे."

तो खुर्चीतून उठला आणि ती खुर्ची त्याने तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही. ती खोली ओलांडून, बूट वाजवत, दार न ठोकता डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. डॉक्टरीणबाई कागदांच्या ढिगाऱ्यात बसल्या होत्या, उभ्या राहिल्या. मावशीने तीन वाक्यांत सांगितलं. चौथं लागलं नाही.

"किती दिवसांचा?"

"सातवा आज."

"सातवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी तो घाईघाईने विझवला, हात तोंडावर नेऊन. आठ महिने, हजारो कार्डं, आणि हा पहिला. मावशीने ते बघितलं. कुणी दुसऱ्याने बघितलं असतं तर रागावलं असतं. तिने मात्र ओळखलं, हेच आपल्याला झालं होतं पाकिटं फोडताना.

"लपवू नका बाई," ती म्हणाली. "मलाही झालाय. आधी पोराचं बघू, मग दोघी मिळून लाजू."

"लस?"

"थांबवली. पावणेदहालाच."

"निकालाआधी? नेम मोडून?"

"नेम तुमचा, नातू माझा."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. मग सगळं धावायला लागलं. बंद गाडी घरी निघाली. वरच्या मजल्यावरची काचेची खोली पुसायला घेतली, जिथली हवा गाळून येते. दुधातून एखादा जंतू जाऊ नये म्हणून, लेकीचं रक्त तपासल्याशिवाय अंगावर पाजायचं नाही असं ठरलं. डॉक्टरीणबाई एका कानाने फोनवर बोलत होत्या आणि दुसऱ्या कानाला मावशी होती. जंतू लागायच्या आत, पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या हाडातला मगज देता आला तर अशी दहांतली नऊ मुलं वाचतात, म्हणाल्या. आधी आणखी रक्त तपासावं लागेल, कोणत्या जातीचा आजार आहे ते शोधावं लागेल, त्यात आठवडे जातात. "घरात आधी असं मूल गेलं असतं तर शोध एकदम सोपा झाला असता," त्या कार्ड बघत म्हणाल्या. "पण इथे नाही लिहिलंय."

मावशीने घसा खाकरला. चाळीस वर्षं गिळलेली गोष्ट बाहेर यायला तेवढी खाकर पुरेशी नव्हती, तरी तिने भागवलं. "ते मी लिहायला सांगितलं. खोटं आहे ते. दोन गेले. दोन्ही मुलगे. दोन्ही माझे."

डॉक्टरीणबाईंनी फोन खाली ठेवला.  एक कोरा कागद ओढला. "सांगा. मी काढते. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल, गेलेल्यावर तिरपी रेघ. खाली वय."

"द्या इकडे," मावशी म्हणाली. "एवढं येतं मला."

तिने पेन मुठीत धरलं, पंच धरायची तसं. वर एक गोल काढला, स्वतःचा, जरा वाकडा. शेजारी नवऱ्याचा चौकोन, त्यावर रेघ. खाली पहिला चौकोन, तिरपी रेघ, पाच. मग लेकीचा गोल. मग दुसरा चौकोन. तो काढताना पेन थांबलं नाही, तिला वाटलं होतं थांबेल. रेघ. नऊ. डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत होत्या आणि त्यांचा श्वास जोरात चालला होता. "मुलगे गेले, मुलगी राहिली," त्या पुटपुटल्या. "आईकडून लेकीकडे, लेकीकडून मुलाकडे. मावशी, हे कागदावर महिनाभर शोधलं असतं मी. कुठे बघायचं ते आजच कळलं."

दारात हालचाल झाली. लेक आली होती, तोंडावर फडकं बांधलेली, आणि तिच्या मागे जावई, त्याचे हात कोपरापर्यंत अजून ओले. नातवाला जिन्यातूनच वर नेलं होतं. लेकीने आईकडे बघितलं, मग टेबलावरच्या कागदाकडे. तिला कुणी समजावून सांगितलं नाही, पण तिच्या स्वतःच्या गोलाच्या दोन्ही बाजूंना चौकोन होते, हे दिसायला शिकावं लागत नाही.

"हा दुसरा कोण?"

"तुझा धाकटा भाऊ," मावशी म्हणाली. "खोटं बोलले मी तुझ्याशी. आज रात्री भांड माझ्याशी, मी बसेन समोर. आत्ता वेळ नाही."

लेकीचे डोळे भरले, पण ती आईवर गेलेली होती, तिने ते वाहू दिले नाहीत. तिने बोट ठेवलं, स्वतःच्या गोलाखालच्या रिकाम्या जागेवर. "आणि इथे?"

मावशीने तिथे चौकोन काढला. नीट, चारही कोपरे जुळवून, ठिपका बघतानाच्या डोळ्यांनी. रेघ काढली नाही. पेन तिथेच कागदावर टेकवून धरलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी जोराने दार लावलं, हवा बंद झाल्यासारखा आवाज झाला, आणि मग, अगदी बारीक, पोर रडलं. दणकट रडलं. जावई वर पळाला.

"वय घाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीने चौकोनाखाली सात लिहिला. मग त्याच्यापुढे, कागदाच्या कडेपर्यंत, जागा मोकळी सोडली. उद्या तिला तिथे आठ लिहायचा होता.